सम नसलेल्या मैफलीचा शेवट

प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणात माझे सर्वांत जास्त लक्ष असते ते शेवटचा स्वर विरल्यापासून पहिली टाळी पडेपर्यंतच्या काळाकडे. हा काळ कधी अर्ध्या सेकंदाचा असतो, कधी पाच-सहा सेकंदांचा. आणि वेगवेगळ्या देशांतून एकत्र आलेल्या, पूर्णपणे उत्स्फूर्त वादन करणाऱ्या जॅझ समूहांच्या बाबतीत तर तो इतका अनिश्चित असतो, की मैफल संपली आहे की वादक पुढच्या वळणावर दम घेत आहेत हे श्रोत्यांना कळत नाही, आणि पुष्कळदा वादकांनाही ते ठाऊक नसावे अशी शंका येते. कोणीतरी एक उतावळा टाळी वाजवतो आणि ओशाळून थांबतो. कोणीतरी खोकतो. मग ड्रमवादक काठ्या खाली ठेवत असावा, असा लाकडाचा बारीक आवाज येतो आणि सभागृह एकदम फुटते. लिहून आणलेली रचना नाही, ठरलेला ताल नाही, खुणा करणारा संचालक नाही, तरीही आठ-दहा, कधी पंधरा-सोळा माणसे एकाच जागी येऊन थांबतात कशी, हा प्रश्न मला या संगीतातला सर्वांत रसाचा प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर स्टुडिओतल्या तासून घेतलेल्या ध्वनिमुद्रणांपेक्षा मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत अधिक सापडते.

नागपुरात ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न छळतो याचे कारण उघड आहे. उत्स्फूर्ततेची आपल्याकडे वाण नाही. ज्यांच्या नावाचे सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये उभे आहे ते वसंतराव देशपांडे लहानपणी याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, आणि पुढची तान कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज श्रोत्याला बांधू न देणारा त्यांच्यासारखा गायक विरळाच. तरीही त्या तानेला उतरायचे कुठे हे गायकाला, तबलजीला आणि पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसलेल्या आजोबांना सारखेच ठाऊक असते. वाट अज्ञात आणि मुक्काम ज्ञात, अशी ही व्यवस्था आहे. तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरणारा तुकडा, सुरू झाली की श्रोत्याच्या मनात उलटी मोजणी सुरू होते, आणि समेवर दाद देताना तो स्वतःच्या हिशेबालाही थोडी दाद देत असतो.

हीच व्यवस्था घेऊन जॅझच्या मंचावर गेलेला समूह म्हणजे ‘शक्ती’. इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकिर हुसेन, मृदंगमवर रामनाड राघवन आणि घटमवर विक्कू विनायकराम यांची पहिली तबकडी म्हणजे 5 जुलै 1975 रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरील साउथहॅम्प्टन कॉलेजमध्ये झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आहे. पहिलेच वादन अठरा मिनिटांचे, आणि त्याचा वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. परंतु कितीही वेगाने धावले तरी हे पाचही जण कोठे एकत्र येणार याचा करार झालेला असतो. कर्नाटक पद्धतीचा हिशेब आणि हिंदुस्थानी तबला यांची सांगड हा त्या कराराचा भाग आहे. म्हणून ‘शक्ती’ऐकताना आश्चर्य वाटते ते कौशल्याचे, शेवटाविषयी मनात धाकधूक अशी राहत नाही.

धाकधूक सुरू होते ती बर्लिनपासून. 1966च्या बर्लिन जॅझ महोत्सवात, फिलहार्मनीच्या सभागृहात, अठ्ठावीस वर्षांच्या आलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख या पियानोवादकाने मानफ्रेड शोफ यांचा पंचक आणि पेटर ब्रोट्झमान यांचे त्रिकूट एकत्र करून, त्यांत आणखी वादक मिळवून, ‘ग्लोब युनिटी’नावाची रचना सादर केली आणि तेच पुढे त्या समूहाचे नाव झाले. पुढील वर्षांत या समूहातून इंग्लंडचे इव्हान पार्कर आणि पॉल रदरफोर्ड, कॅनडात जन्मलेले केनी व्हीलर, इटलीचे एन्रिको रावा, अमेरिकेचे स्टीव्ह लेसी असे अनेक जण वाजवून गेले. सुरुवातीला श्लिपेनबाख यांच्या हाती काही लिखित आराखडा असे; कोणी केव्हा उसळायचे आणि सगळ्यांनी केव्हा एकत्र यायचे याच्या खुणा असत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आराखडाही बाजूला पडला आणि समूह पूर्णपणे मोकळ्या वादनाकडे वळला. 1969 मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘फ्री म्युझिक प्रॉडक्शन’, म्हणजे एफएमपी, या वादकांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने या काळातल्या कितीतरी मैफली ध्वनिमुद्रित केल्या नसत्या, तर आज आपल्याला त्याविषयी केवळ ऐकीव माहितीवर बोलावे लागले असते.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात संगीताचा शेवट वादकापेक्षा यंत्रानेच अधिक वेळा ठरवला आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी तीन मिनिटांच्या तबकडीवर ख्याल बसवला आणि शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले; वेळ संपली की गाणे संपले. एलपी आली तेव्हा एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली, ती मोठीच चैन होती, पण चाळीस मिनिटांचे अखंड वादन त्यातही मावत नव्हते आणि तबकडी उलटण्यासाठी कोठेतरी ते तोडावे लागे. फितीचेही तेच. सेकंदाला पंधरा इंच वेगाने धावणारे मोठे रीळ अर्ध्या तासाच्या आसपास संपते, आणि रीळ बदलेपर्यंत ब्रोट्झमान सॅक्सोफोन खाली ठेवून थांबतील अशी अपेक्षा कोणी करू नये. सीडी आल्यावर सलग सत्तर मिनिटे मिळाली आणि प्रथमच अशा मैफलींचे शेवट जसे घडले तसे, आपल्या जागी, ऐकता येऊ लागले. आवाज हळूहळू कमी करत नेऊन गाणे संपवण्याची स्टुडिओतली युक्ती मला पूर्वीपासून अप्रामाणिक वाटत आली आहे. उत्स्फूर्त वादनात तर ती चक्क फसवणूक आहे, कारण सर्वांत कठीण निर्णयाची जबाबदारी तेथे वादकाकडून काढून तंत्रज्ञाच्या बोटाकडे दिलेली असते.

तो निर्णय कठीण आहे हे थोरांनाही चुकलेले नाही. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी नोव्हेंबर 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये जे वादन केले, त्यातला एक तुकडा सोळा मिनिटे चालतो आणि ऐकताना तो आणखी सोळा मिनिटे चालला असता असे वाटत राहते. त्यांच्याविषयी एक किस्सा जॅझच्या वर्तुळात फार सांगितला जातो: एकदा सुरू केल्यावर थांबावे कसे तेच कळत नाही, अशी तक्रार त्यांनी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याकडे केली, तेव्हा माइल्स म्हणाले की वाद्य तोंडातून काढून पाहा. किस्सा विनोदी आहे, पण एकट्या वादकापुरताच तो उपाय चालतो. दहा जणांपैकी एकाने वाद्य तोंडातून काढले, तर उरलेल्या नऊ जणांनी काय समजायचे?

समूहाने शेवट शोधण्याची माझी सर्वांत आवडती तऱ्हा ‘ब्रदरहुड ऑफ ब्रेथ’च्या ध्वनिमुद्रणांत आहे, आणि त्यामागचा इतिहास सांगितल्याशिवाय ती कळणार नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एका मंचावर एकत्र वाजवणे कायद्याच्या कचाट्यात सापडण्यासारखे होते. गोरे पियानोवादक क्रिस मॅकग्रेगर आणि त्यांचे काळे सहकारी डुडू पुक्वाना, मोंगेझी फेझा, जॉनी डायानी, लुई मोहोलो प्रभृतींचा ‘ब्लू नोट्स’हा चमू 1964 मध्ये फ्रान्समधल्या आँतीबच्या महोत्सवासाठी म्हणून देशाबाहेर पडला तो पडलाच. पुढे लंडनमध्ये मॅकग्रेगर यांनी त्यांच्यातल्या काही जणांना इंग्रज मुक्तवादकांशी जोडून ‘ब्रदरहुड ऑफ ब्रेथ’ हा मोठा समूह उभा केला. जानेवारी 1973 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विलिसाउ या लहानशा गावी त्यांची जी मैफल झाली, तिच्या ध्वनिमुद्रणात पुक्वाना, फेझा, मोहोलो यांच्याबरोबर इव्हान पार्कर आहेत, बार्बाडोसचे हॅरी बेकेट आहेत, ऑस्ट्रियाचे राडू मालफाट्टी आहेत. या वादनात गोंगाट भरपूर आहे. वाद्ये एकमेकांवर धावून जातात, कर्ण्यांचा कल्लोळ असा माजतो की कोण काय वाजवते आहे ते ओळखता येऊ नये. आणि मग त्या कल्लोळाच्या पोटातून एखादी सरळ, चर्चमधल्या समूहगानाच्या वळणाची आफ्रिकी धून वर येते. ती कोणी हाक देऊन बोलावलेली नसते. एक कर्णा तिचे दोन स्वर वाजवतो, दुसऱ्याला ती आठवते, तिसरा तिला मिठी मारतो, आणि पाहता पाहता सगळे जण घरी पोहोचल्यासारखे तिच्यात सामील होतात. घर सोडून आलेल्या माणसांना ती धून पाठ होती, आणि इंग्लंडच्या वादकांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली होती. आपल्या समेचा हा सर्वांत जवळचा नातलग असावा. फरक एवढाच की तिची मात्रा ठरलेली नसते. ती आठवण झाल्यावर येते.

याच्या अगदी उलट टोकाला इंग्रज गिटारवादक डेरेक बेली उभे आहेत. सामाईक आठवण असणे हीच त्यांच्या दृष्टीने अडचण होती. नेहमीच्या साथीदारांबरोबर वाजवताना सवयी तयार होतात आणि सवयीतून नवे काही निघत नाही, असे मानून त्यांनी ‘कंपनी’हा प्रकार सुरू केला आणि 1977 पासून 1994 पर्यंत लंडनमध्ये ‘कंपनी वीक’भरवले, ज्यांत देशोदेशीचे, पूर्वी एकमेकांबरोबर क्वचितच वाजवलेले वादक दर संध्याकाळी वेगवेगळ्या जोड्या-तिकड्यांत मंचावर येत. बेली यांना आपले संगीत परके नव्हते. उत्स्फूर्त वादनावर त्यांनी लिहिलेल्या आणि 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची सुरुवातच भारतीय संगीताच्या प्रकरणाने होते. तरीही स्वतःच्या वादनात कोणत्याही प्रांताची वा परंपरेची बोली येऊ नये असा त्यांचा आग्रह राहिला. अशा अनोळखी माणसांच्या वादनाचे शेवट ऐकणे हा वेगळाच अनुभव आहे. ते फार सावध असतात. एक जण थांबतो तेव्हा दुसरा चटकन थांबत नाही, कारण पहिल्याचे थांबणे हा शेवट आहे की विनयाने दिलेली जागा, हे त्याला माहीत नसते. मग तो थोडे वाजवून पाहतो, उत्तराची वाट पाहतो, उत्तर आले नाही की आवाज लहान करत नेतो. कधी वादन अशा रीतीने दोन-तीनदा संपते आणि प्रत्येक वेळी पुन्हा उठून बसते. या लकबीचा काही श्रोत्यांना कंटाळा येतो. मला मात्र दोन अनोळखी सभ्य माणसांनी दारात एकमेकांना ‘आधी तुम्ही’म्हणावे तसे ते वाटते आणि मनापासून हसू येते.

आणि मग श्लिपेनबाख, सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर आणि ड्रमवादक पॉल लोव्हेन्स यांचे त्रिकूट ऐकावे. हे तिघे सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून एकत्र वाजवत आले आणि दर हिवाळ्यात युरोपभर दौरा करण्याची त्यांची रीत दशकानुदशके टिकली. त्यांचे शेवट वीज जावी तसे येतात. काहीही सूचना न देता तिघे एका क्षणात गप्प होतात आणि ऐकणारा कोरडाच राहतो. अर्धशतकाच्या सहवासात जे मुरते, ते बेलींच्या प्रयोगात मुळातच टाळलेले आहे. दोन्हींपैकी श्रेष्ठ कोणते, या वादात मला रस नाही. ऐकायला मात्र मी त्रिकुटाकडे अधिक वेळा जातो.

काहींनी हा प्रश्नच निकालात काढला. बुच मॉरिस यांनी 1985 पासून ‘कंडक्शन’नावाची पद्धत विकसित केली, ज्यात संचालक हाताच्या आणि छडीच्या ठरलेल्या खुणांनी उत्स्फूर्त वादनाला आकार देतो, जॉन झोर्न यांनी 1984 च्या ‘कोब्रा’मध्ये खेळाचे नियम आणि रंगीत पत्ते आणले. दोन्हींत थांबण्याची खूण आहे, त्यामुळे माझ्या या विषयापुरते ते बाद होतात.

हे सगळे नागपुरात ऐकण्याला ऋतूंचे बंधन आहे, हे येथे सांगून टाकतो. एप्रिलच्या मध्यापासून खिडकीत कूलर सुरू झाला, की त्याची घरघर आणि वाळ्याच्या ताटीवरून ठिबकणारे पाणी यांच्याशी स्पर्धा करू शकेल असेच संगीत निवडावे लागते. ब्रोट्झमान यांचा सॅक्सोफोन मे महिन्यातही खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो, बेली यांच्या गिटारीचे खरखरीत, तुटक स्वर दिवाळीनंतरच ऐकावेत. टाळीपूर्वीची ती शांतता तर उन्हाळ्यात अस्तित्वातच नसते. तिच्यासाठी डिसेंबरची रात्र हवी, आणि शक्य झाल्यास शेजारी लग्न नसावे.

धंतोलीत तबला शिकवणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही, ज्यांना आम्ही सगळेच गुरुजी म्हणतो, यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांना साक्षी आहेत. ‘ग्लोब युनिटी’ऐकताना ते काही काळ बोटांवर मात्रा मोजत राहिले, नंतर मोजणे सोडून म्हणाले, “हे सगळं ठीक आहे भाऊ, पण सम कुठी आहे?” आणि वादन थांबल्यावर, “काऊन थांबले हे लोक?” या दोन प्रश्नांपेक्षा अचूक समीक्षा मी या संगीताविषयी फारशी वाचलेली नाही. त्यांना जवळचा वाटला तो त्रिलोक गुर्टू. 27 नोव्हेंबर 1989 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन, बासवादक काय एकहार्ट आणि गुर्टू यांच्या त्रिकुटाची मैफल ध्वनिमुद्रित झाली. गुर्टू गुडघ्यावर, जवळजवळ जमिनीवर बसून ड्रम आणि तबला एकत्र वाजवतात, घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा नाद वाकवतात, आणि तोंडाने बोल म्हणतात. हा शोभा गुर्टू यांचा मुलगा आहे असे सांगताच गुरुजी खुर्चीत सावरून बसले, कारण शोभाताईंच्या ठुमरीवर त्यांचा फार जीव. त्यांनी तो संपूर्ण ऐकला आणि जेथे तिहाई पडली तेथे बरोबर मान हलवली.

शेवटाचा प्रश्न विजेच्या साधनांनी आणखी अवघड केला आहे. इव्हान पार्कर यांचा ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक एन्सेम्बल’घ्या. त्यांच्या ऑक्टोबर 2002 मध्ये ऑस्लोत झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने प्रसिद्ध केले आहे. यात व्हायोलिन, डबल बास, पियानो, तालवाद्ये वाजवणारे वादक आहेत आणि त्यांच्याइतकेच महत्त्वाचे असे काही जण आहेत ज्यांच्यापुढे वाद्य नाही, यंत्रे आहेत. ते वादकांचे स्वर त्याच क्षणी पकडतात, बदलतात आणि पुन्हा सभागृहात सोडतात. येथे व्हायोलिनवाल्याने गज खाली ठेवला तरी त्याचे व्हायोलिन वाजतच राहते. त्याने मागे सोडलेला स्वर आता दुसऱ्याच्या ताब्यात असतो, आणि कधी थांबायचे हा अधिकार त्याच्याकडे उरत नाही. स्वतः पार्कर चक्राकार श्वसनाने सोप्रानो सॅक्सोफोनवर मिनिटेच्या मिनिटे स्वर न तोडता वाजवू शकतात, म्हणजे श्वास संपल्यामुळे येणारा नैसर्गिक शेवटही त्यांनी स्वतःपुरता आधीच रद्द केलेला आहे. म्हणून हे वादन मी आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवून ऐकतो. कोणता स्वर माणसाचा आणि कोणता त्याच्या मागे राहिलेला, हे ओळखण्याचा नाद लागतो.

अमेरिकन वादक एरिक डॉल्फी यांचा उल्लेख टाळता येत नाही. 2 जून 1964 रोजी नेदरलँड्समधल्या हिल्व्हर्सम येथे, स्टुडिओत निमंत्रित श्रोत्यांसमोर, त्यांनी मिशा मेंगेलबर्ग, जाक स्खोल्स आणि बावीस वर्षांचे हान बेनिंक या डच वादकांबरोबर वाजवले. चार आठवड्यांनी, 29 जूनला, बर्लिनमध्ये त्यांचा मृत्यू झाला, वय छत्तीस. तबकडीच्या अखेरीस एका मुलाखतीतला त्यांचा आवाज जोडलेला आहे, ज्यात ते म्हणतात की संगीत संपले की ते हवेत निघून जाते आणि पुन्हा कधी पकडता येत नाही. या वाक्याने अनेकांच्या डोळ्यांत पाणी येते हे मला माहीत आहे. माझे मत थोडे रुक्ष आहे: हे वाक्य तबकडीवर पकडून ठेवलेले आहे म्हणूनच आपण ते ऐकतो, आणि तेथे ते जोडल्यामुळे मैफलीचा स्वतःचा शेवट झाकला गेला आहे. डॉल्फींच्या बासरीनंतर आणि बास क्लॅरिनेटनंतर मला भाष्याची गरज वाटली नाही. त्या चमूतले मेंगेलबर्ग आणि बेनिंक यांनी पुढे 1967 मध्ये ‘इन्स्टंट कंपोझर्स पूल’स्थापन केला, हे त्या मैफलीचे अधिक चांगले पुढचे पान आहे.

1988च्या उन्हाळ्यात अमेरिकन पियानोवादक सेसिल टेलर यांना बर्लिनमध्ये बोलावून एफएमपीने त्यांच्या मैफलींची मालिका ध्वनिमुद्रित केली आणि तिचा अकरा सीडींचा संच काढला. बेनिंक, बेली, लोव्हेन्स, दक्षिण आफ्रिकेचे मोहोलो, असे एकेक जण त्यांच्यासमोर बसले. पूर्व जर्मनीचे ड्रमवादक ग्युंटर सोमर यांच्याबरोबरचे वादन पूर्व बर्लिनमध्ये झाले, भिंत अजून उभी असताना. याच मालिकेत इटलीचे रावा, पोलंडचे टोमाश स्टान्को, फ्रान्सचे लुई स्क्लाव्हिस, अमेरिकेचे विल्यम पार्कर यांच्यासह पंधराहून अधिक वादकांच्या समूहाचे दोन तासांच्या आसपासचे वादन आहे. ते एका बैठकीत ऐकणे मला जमत नाही, आणि ज्यांना जमते त्यांच्या मानेचा मला आदर वाटतो. परंतु शेवटाकडे येताना त्या प्रचंड समूहातले एकेक वाद्य कसे माघार घेते, कोण शेवटपर्यंत हट्टाने उभे राहते, हे ऐकण्यासाठी मी दुसरी सीडी मध्येच लावून बसतो. एफएमपीची पुष्कळ जुनी ध्वनिमुद्रणे आता बँडकॅम्पवर डिजिटल स्वरूपात मिळतात, ही सोय मोठी आहे. इतर ॲपवर ऐकणाऱ्याने मात्र पुढचे गाणे आपोआप सुरू करणारी सोय आधी बंद करावी, नाहीतर टाळ्यांच्या मागोमाग कोणाचा तरी गुळगुळीत पियानो येऊन आदळतो. गुरुजींना मी यातले बेनिंक यांचे वादन ऐकवले. पंधरा-सोळा जाणत्या लोकांपैकी एकालाही शेवटी तिहाई घ्यावीशी वाटू नये हे त्यांना अजून पटलेले नाही. पण बेनिंकचा हात तयारीचा आहे आणि त्याने लहानपणी तबल्यातले कायदे-पेशकार घोटले असते तर तो आपल्याकडे नक्की चालला असता, एवढे त्यांनी मान्य केले आहे.